साडूच्या वुजूचं पाणी

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात भुतांची टंचाई कधीच नव्हती. विहिरीवर एक, चिंचेखाली दोन, आणि खाडीच्या तोंडाशी तर म्हणे अख्खं कुटुंब राहायचं. मी त्या सगळ्या जागांवरून वेळी-अवेळी गेलो, पण माझ्याशी ओळख करून घ्यावी असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. पुढे चार पुस्तकं वाचली आणि हा विषय मी स्वतःपुरता मिटवून टाकला. तावीज, उतारा, नजर — या गोष्टी इतरांसाठी. आता पुढचं वाचून तुम्ही मला त्याच इतरांच्या रांगेत उभं कराल… करा, हरकत नाही. फक्त जीपच्या बॉनेटखाली बॅटरी नव्हती, एवढं लक्षात असू द्या.

गोष्ट साठच्या दशकातली, दुबईची. यूएई हे नाव तेव्हा जन्माला यायचं होतं. दिरहमही नव्हते, व्यवहार रुपयांत चालायचा, फक्त नोटेचा रंग आपल्या नोटेपेक्षा वेगळा. पिण्याचं पाणी गाढवाच्या पाठीवरून डब्यांतून दारात यायचं. दुबईच्या देरा भागात, बाजारामागे एका घरात आम्ही कोकणातले सात-आठ जण राहायचो. मी एका कापड व्यापाऱ्याकडे कारकून होतो, आणि त्या व्यापाऱ्याने ईदनंतर दुकान बंद करून मुंबईला परत जायचं ठरवलं होतं. म्हणजे ईदनंतर मीही परत. परत म्हणजे सासऱ्यांच्या नारळाच्या वखारीवर. आणि वखारीच्या मागच्या खोलीत सासूबाई.

सासूबाईंचा विषय निघाला की माझा साडू इस्माईल आलाच. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला दुबईत मीच बोलावून घेतलं, मीच माझ्या चटईशेजारी जागा करून दिली. दोन महिन्यांत तो तेल शोधणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर झाला. कंपनीने त्याला पितळी बटणांचा कोट दिला — त्या उन्हात कोट! — आणि एक कोरी करकरीत जीप. (वाळूत चालणाऱ्या प्रत्येक गाडीला आम्ही जीपच म्हणायचो.) तो गल्लीत शिरला की पोरं मागे धावायची, दुकानदार सलाम करायचे. गावाहून येणाऱ्या पत्रांत सासूबाई माझी खुशाली एका ओळीत विचारायच्या. बाकी पान इस्माईलच्या गाडीला.

तो उद्धट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो कमालीचा नम्र होता. "भाई, तुम्ही बसा ना पुढे," म्हणायचा. मी बसायचो, आणि सीटच्या चामड्याचा वास नाकात शिरला की मला वाटायचं, हा वास माझ्यावर उपकार करतोय.

त्याच सुमारास मी एक जुनी गाडी घेतली. शारजाला इंग्रजांची छावणी होती, तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. माझ्या वाट्याला आलेल्या गाडीला दारं नव्हती, छत नव्हतं, आणि ड्रायव्हरच्या जागी सीटऐवजी लाकडी खोकं होतं. घरातले सगळे बघायला आले.

"हसन, याला पुढे बैल जोडायचा की मागून ढकलायची?" एकाने विचारलं.

"सावकाश होईल," मी म्हणालो.

आणि झालीही सावकाश. पगारातून जेवणखाण आणि घरचे पैसे वजा केल्यावर जे उरायचं, त्यात महिन्याला एखादीच वस्तू यायची. कधी भंगारातली सीट, कधी दुसऱ्याच गाडीचे दिवे. ताडपत्रीचं छत मी दुकानातल्या सुईदोऱ्याने स्वतः शिवलं. रंग दिला तो अगदी इस्माईलच्या गाडीसारखा, फिका हिरवा. ताडपत्रीची घडीही त्याच्यासारखीच घालायची. आरसा त्याच जागी लावला. हा योगायोग आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

हा खटाटोप हौसेखातर नव्हता. खाडीपलीकडच्या एका अरब व्यापाऱ्याला — सगळे त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचे — दर आठवड्याला रास अल खैमाला माल आणि माणसं पोचवणारी गाडी हवी होती. रस्ता म्हणजे वाळू, मिठाची जमीन, मग परत वाळू. ते काम मिळालं तर मी दुबईत राहणार होतो. अरबाबने पहिल्यांदा विचारलं ते अर्थातच इस्माईलला. तो म्हणाला, "माझी गाडी कंपनीची, पण माझ्या भाईंची स्वतःची आहे." हे त्याने मोठ्या मनाने केलं. कसं सांगू… कुणी मोठ्या मनाने केलेली गोष्ट गिळणं फार अवघड असतं.

आता विचित्र भाग. गाडीला काही नवं लावलं की ते टिकायचं, चांगलं चालायचं — इस्माईलच्या जीपशेजारी उभं राहीपर्यंत. मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले. शुक्रवारी मशिदीच्या भिंतीला दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. नमाजानंतर निघालो तर एक पाटा मधोमध तुटलेला. एका ट्रकचा रेडिएटर बसवून घेतला, इस्माईल शेजारी गाडी लावून म्हणाला, "वा भाई, झकास!" आणि आम्ही बोलत असतानाच खाली पाण्याचं थारोळं. मग कार्बोरेटर. तोच प्रकार. माझं म्हणणं साधं होतं : जुनी वस्तू तीनदा मोडली तर तो चमत्कार नसतो, तो भंगाराचा स्वभाव असतो.

दाऊदचाचांचं म्हणणं वेगळं होतं. ते आमच्या घरातले सगळ्यात वडीलधारे. उभं आयुष्य गलबतांवर तांडेल म्हणून काढलेलं, आता आमचा स्वयंपाक बघायचे. "नजर आहे," ते मासे साफ करता करता म्हणाले. "तो 'झकास' म्हणाला. 'माशाल्ला' म्हणाला का? ते म्हटलं की नजर लागत नाही. नाही ना? खलास."

मी हसलो. पण खरं सांगतो, आतून मला गुदगुल्या झाल्या. इस्माईलची नजर! माझ्या गाडीवर! याचा अर्थ त्याच्या मनात काहीतरी होतं. तो नम्रपणा वरवरचा होता. मला कुणी एवढी सुखाची बातमी कित्येक दिवसांत दिली नव्हती.

अरबाबने सांगितलं, शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर गाडी चालू हालतीत घेऊन ये, नाहीतर मी दुसरी बघतो. मी पाटा, रेडिएटर, कार्बोरेटर सगळं परत निस्तरलं. राहिली बॅटरी. ती मंदावली होती म्हणून गुरुवारी चार्जिंगला एका दुकानात दिली, ज्याच्याकडे जनरेटर होता. शुक्रवारी दुपारी आणायला गेलो तर दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, मालक शारजाला भावाकडे गेलाय, उद्या येईल, इन्शाल्ला.

मी घरी आलो. इस्माईल अंगणात उभा होता, शेजारी त्याची जीप.

"भाई, एवढंच ना? माझी बॅटरी काढतो, तासाभरासाठी लावा."

"कंपनीचा माल आहे. नको."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय. नको म्हटलं ना."

चाचा बाहेर आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बॅटरी नको तर नको. वुजूचं पाणी तरी घेशील?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात तो वुजू. जुनी समजूत अशी, की ज्याची नजर लागली असेल त्याने वुजू करावा, ते पाणी भांड्यात धरावं आणि ज्याला नजर लागली त्याच्यावर ओतावं. माणसावर ओतल्याचं मी ऐकलं होतं, एकदा म्हशीवरही. रेडिएटरमध्ये ओतल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

"चाचा, गाडीत बॅटरीच नाही," मी म्हणालो.

"गलबताला कुठे असते?"

मला तो तमाशा हवाच होता. चाचांसमोर इस्माईलने वुजू करावा, म्हणजे रात्रीपर्यंत सगळ्या घरात त्याचा हेवा नोंदला जाईल. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. जरासा फिकट पडला, कोट काढून ठेवला आणि चाचांनी धरलेल्या तसराळ्यात गुपचूप हात-तोंड-पाय धुतले. चाचांनी ते पाणी बॉनेटवर शिंपडलं, थोडं रेडिएटरमध्ये ओतलं, पुढे हँडल घातलं आणि मारलं. एकदा, दोनदा. काही नाही. अर्थातच काही नाही.

इस्माईलने सुटकेचा श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

"याची नाही नजर," चाचा म्हणाले.

मला काय वाटलं असेल? मी अपमानित झालो होतो. माझ्या गाडीचा हेवा करावा असं त्या माणसाला वाटलंसुद्धा नव्हतं!

"आता तू कर," चाचा मला म्हणाले.

"मी? माझ्याच गाडीला माझी नजर?"

"तू हिच्याकडे बघतोस तेव्हा ही दिसते का तुला? तुला त्याची दिसते. रंग त्याचा, आरसा त्याचा. बिचारी कधी स्वतःची होती? यल्ला, चल, बस खाली. असरची बांग होईल आता."

मी बसलो. रागारागाने धुतले हातपाय, पाणी अर्धं बाहेर उडवलं. चाचांनी उरलेलं रेडिएटरमध्ये ओतलं. त्यांचं मनगट दुखत होतं म्हणून हँडल इस्माईलने घेतलं. त्याने अर्धा फेरा मारला असेल-नसेल…

इंजिन सुरू झालं.

धक्का नाही, खोकला नाही. शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज. आम्ही तिघे तिथेच उभे. मी बॉनेट वर केलं. बॅटरीची जागा रिकामी, दोन्ही वायरींची टोकं मोकळी लोंबत होती आणि थरथरत होती. मी त्यातल्या एकीला हात लावणार होतो, इस्माईलने मागे ओढलं.

"भाई, नका. चालतेय ना? बसा."

बांग ऐकू आली. चाचा म्हणाले, "तुम्ही दोघं जा. नमाज तिकडेच पढा. गाडी बंद करू नको."

बंद केली नाही. अरबाबच्या दारापुढे नमाज होईपर्यंत ती तशीच सुरू ठेवली. गल्लीतलं एक बकरं तिच्याकडे टक लावून बघत होतं. अरबाबने येऊन चाकाला लाथ मारून पाहिली, आवाज ऐकला, म्हणाला, "माशाल्ला." मग माझ्याऐवजी कोटातल्या इस्माईलला विचारलं, "तुझी?" इस्माईल म्हणाला, "नाही, यांची." काम मिळालं. मी दुबईत राहिलो. घरी आल्यावर किल्ली फिरवली, गाडी बंद झाली, आणि शनिवारी बॅटरी येईपर्यंत हजार वेळा हँडल मारूनही तिने हूं की चूं केलं नाही. नंतर बरीच वर्षं चालली. कुणाच्याही शेजारी उभी केली तरी तिला काही झालं नाही.

मी हे पुढे एका इंजिनिअरला सांगितलं. तो म्हणाला, गाडी पळत असताना डायनॅमोवर निभावेल, पण सुरू करायला करंट कुठून येईल? हँडलच्या वेगाला डायनॅमो काही देत नाही. "तुम्ही बॅटरी नीट पाहिली नसेल." दुबईच्याच सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणाऱ्या माझ्या नातवाला सांगितलं तर तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, "नाना, मस्ट बी स्टॅटिक." आणि चाचा शेवटपर्यंत सांगत राहिले की नजर माझीच होती. तिघांपैकी चाचांचं म्हणणं मला निदान सुसंगत वाटायचं. न पटणारं, पण सुसंगत. तेही टिकत नाही. का, ते सांगतो.

त्या दिवशी अरबाबकडून परतताना इस्माईल माझ्या शेजारी बसला होता. मग म्हणाला, "भाई, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"चाचांनी वुजू करायला सांगितलं ना, मी घाबरलो होतो. माझ्या पाण्याने गाडी चालू झाली असती तर तुम्हाला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की मी जळतो तुमच्यावर." तो कोटाच्या बटणाशी चाळा करत होता. "माझी गाडी कंपनीची. हा कोट पण परत द्यायचाय, बटणं मोजून. तुम्ही एकेक वस्तू आणून लावायचात, मी रोज बघायचो. एवढी जळजळ व्हायची की तोंडातून माशाल्ला निघायचंच नाही. मग माझ्या पाण्याने काहीच कसं झालं नाही?"

इंजिनिअरच्या हिशोबाने ती गाडी कुणाच्याच पाण्याने चालू व्हायला नको होती, आणि चाचांच्या हिशोबाने इस्माईलच्या पाण्याने व्हायला हवी होती. की त्याचंच पाणी जरा उशिराने लागू पडलं? रेडिएटरमध्ये तर दोघांचंही एक झालं होतं. कुणाचं कुठलं, कोण सांगणार.

पण त्या क्षणी मला हे काही सुचलं नाही. मी गाडीचा वेग कमी केला.

"जळायचास? खरंच?"

"हो भाई."

"फार?"

"झोप लागायची नाही कधीकधी."

"बरं," मी म्हणालो, आणि घराकडे वळायच्या ऐवजी गाडी खाडीच्या कडेने लांबच्या रस्त्याला घातली.