तीन जणांचं बुकिंग होत नाही

थीम पार्क म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. रांगा, ढकलाढकली, दुप्पट भावातला गार समोसा आणि शेवटी पाय दुखतात म्हणून भोकाड पसरणारं कुणीतरी. तरीही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे गर्दीच्या दृष्टीने वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात, मी पुण्याहून ग्वाल्हेरला गेले ती थीम पार्कात जायलाच. कारण शालूमावशी.

शालूमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली आणि तिथलीच झाली. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान, आमचे वसंतकाका, गेले. तेव्हापासून मावशी दिवेलागणीनंतर घराबाहेर थांबत नाही आणि दाराला कडी लावत नाही. "हे आले आणि दार बंद दिसलं तर?" असं ती चहा गाळता गाळता, अगदी साध्या आवाजात विचारते. तिची मुलगी ऋचा बँकेत आहे. तिला पुण्याला बदली मिळत होती, पण आईला अशा उघड्या घरात एकटी ठेवून ती जाणार कशी? नव्या वर्षात तिला हो-नाही कळवायचं होतं. म्हणून आम्ही दोघींनी बेत केला, की आधी मावशीला एक दिवस तरी अंधार पडेपर्यंत बाहेर ठेवून बघू. ते निभावलं तर पुण्याचा विषय काढू. मावशी फक्त एकाच ठिकाणाला कबूल झाली, झाशी रस्त्यावरच्या नव्या पार्काला. तिथे भला मोठा आकाशपाळणा आहे आणि काकांना मेळ्यातल्या आकाशपाळण्याचं वेड होतं.

जाणाऱ्यांसाठी सूचना: पुण्याहून थेट गाड्या आहेत, पण हिवाळ्यात धुक्यामुळे गाडी किती रखडेल ते देवही सांगू शकत नाही. माझी सकाळची गाडी दुपार उलटल्यावर पोचली. वाटेत खिडकीतून बघायला काहीच नव्हतं, पांढरं सोडून.

संध्याकाळी सराफा बाजारामागच्या मावशीच्या घरी आम्ही बुकिंग करायला बसलो. नियम नीट वाचा, मी वाचले नव्हते. सुट्ट्यांमध्ये गेटवर तिकीट मिळत नाही. ॲपवर वेळ निवडून आधीच जागा धरावी लागते आणि त्या आठवड्यात फक्त 'फॅमिली स्लॉट' मिळतात, तेही चौघांचे. आम्ही तिघी. ऋचा वैतागली, "यार, ये क्या बात हुई? चौथा आता कुठून आणू?"

मावशी मात्र खूश झाली. "बरोबरच आहे त्यांचं. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांनी कधी निघू नये. चौथा म्हणून दगड घेऊ, आपण नेहमीच तर घेतो."

हे खरं आहे. आमच्याकडे तिघं प्रवासाला निघाले की चौथा म्हणून एक दगड पिशवीत टाकतात. पण दगडाचं नाव आणि वय ॲपमध्ये काय घालणार? मी हसत विचारलं. मावशी हसली नाही. "ह्यांचं घाल," म्हणाली. मी ऋचाकडे पाहिलं, ऋचाने 'घाल बाई' अशी मान हलवली. मी वसंत लिहिलं. वय विचारल्यावर मावशी म्हणाली, "चौऱ्याहत्तर." काका गेले तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मग मी चौऱ्याहत्तर लिहिलं आणि ॲपने ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलतही दिली.

सकाळी गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची तिखट भाजी खाऊन निघालो. फूलबागेपाशी टॅक्सी मिळते. दिवसभरासाठीच ठरवा, येताना काही मिळत नाही. रस्ता चांगला आहे म्हणे. आम्हाला गाडीच्या पुढच्या दिव्यांपलीकडे तो दिसलाच नाही.

गेटवर ही झुंबड! बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे तपासणीत आमचे बेसनाचे लाडू अडवले. दगड बघून तिथली बाई चक्रावली. "अम्माजी, ये क्या है?" मावशी म्हणाली, "हमारे साथ हैं." बाईने खांदे उडवले आणि दगड सोडला. मनगटावर बांधायच्या चार पट्ट्या मिळाल्या. चौथी मावशीने दगडाला गुंडाळली. आत जाताना प्रत्येक पट्टी मशीनला दाखवून फिरता दांडा ढकलायचा. ऋचाने चौथ्याच्या वेळी हाताने ढकलला आणि पडद्यावर चार जण आत आल्याचं उमटलं. दगड मावशीच्या शालीआडच्या पिशवीत गेला.

आत काय होतं हे सांगणं अवघड आहे. पार्क हाऊसफुल्ल होतं, खांद्याला खांदा लागत होता, आणि तरी चार हातांपलीकडे माणूस दिसत नव्हतं. दुपारपर्यंत धुकं विरेल असं सगळे म्हणत होते. ते विरलं नाही. वरून किंकाळ्या यायच्या, पाळणे मात्र दिसायचे नाहीत. गर्दी नुसती ऐकू येत होती. एरवी मी गर्दीला शिव्या घालते, त्या दिवशी कुणाचा तरी कोपर लागला की बरं वाटायचं.

तिथे रांगेत उभं राहायचं नसतं. मशीनला पट्टी दाखवून नंबर लावायचा, पाळी आली की बुकिंग करणाऱ्याच्या फोनवर मेसेज येतो. आम्ही कचोरी घेऊन एका बाकावर टेकलो. पहिला मेसेज आला आणि मी वाचून दाखवला, "वसंत जी, आकाश झूला में आपका स्वागत है."

"तू लावलास नंबर?" मी ऋचाला विचारलं.

"मी कशाला? आई, पट्टी कुठंय?"

मावशीने पिशवीत हात घातला. दगड होता. पट्टी नव्हती.

"गिर गई होगी कहीं," ऋचा म्हणाली. "कुणाला तरी सापडली, तो झूलून राहिला आहे फुकट. बस." तिचा तर्क मला पटला. मला तो फार पटायला हवा होता.

थोड्या वेळाने पुन्हा तोच मेसेज आला. मग पुन्हा. पार्कात पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, भुताची गुहा होती, रेल्वे होती. फुकटचा पास सापडलेला माणूस सगळीकडे हिंडेल की नाही? हा माणूस पुन्हा पुन्हा फक्त आकाशपाळण्यात बसत होता. मावशी कचोरी खात म्हणाली, "मेळ्यात पण असंच करायचे. मी खाली पर्स धरून उभी." तिच्या चेहऱ्यावर लाज होती, नव्या नवरीच्या चेहऱ्यावर असते तशी. मला खरोखर भीती वाटली. धुक्याची नाही, ती आता इथून हलायची नाही याची.

आम्ही आकाशपाळण्यापाशी जाऊन आलो. पाळणे धुक्यातून खाली येत, माणसं उतरत, दुसरी चढत. प्रत्येक चेहरा मी पाहिला. सगळे अनोळखी होते आणि त्यानेही मला हायसं वाटेना.

दिवे लागले तशी आमची वेळ संपली. बाहेर पडतानाचा नियम असा की कुटुंब एकत्र आत गेलं की एकत्रच बाहेर पडायचं, म्हणजे आतला आकडा उतरतो आणि पुढच्या स्लॉटची माणसं आत सोडता येतात. आमच्या तीन पट्ट्या दाखवल्यावर दांडा अडला. टेबलाशी बसलेली मुलगी म्हणाली, "मैडम, आपके एक मेंबर अंदर हैं. उनको बुला लीजिए."

मी म्हणाले, तो दगड आहे. आमच्या मागे खोळंबलेली माणसं हसली. मुलगी हसली नाही. तिच्या पडद्यावर दगड नव्हता, चौऱ्याहत्तर वर्षांचे वसंत होते. तिने माइक ओढला आणि सगळ्या पार्कात आवाज घुमला, "श्री वसंत जी, आपके घरवाले गेट पर आपका इंतज़ार कर रहे हैं."

मावशी बाकड्यावर बसली. "ह्यांना घेतल्याशिवाय मी नाही येणार."

ऋचाचा बांध फुटला. "आई, बाबा नाहीत गं! दोन साल हो गए. मी किती दिवस ते दार उघडं ठेवू?" ती लहान मुलीसारखी रडायला लागली. पुन्हा एकदा हाक गेली. धुक्यातून कुणी आलं नाही. फोनवर मेसेज आला आणि या वेळी मी तो वाचून दाखवला नाही. मावशीने माझ्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं.

तिने ऋचाकडे पाहिलं. मग उठली, टेबलापाशी गेली आणि त्या मुलीला म्हणाली, "बेटा, मैं बोलूँ?"

जन्मभर तिने काकांना नावाने हाक मारली नाही. तेव्हाही मारली नाही. माइक दोन्ही हातांनी धरून ती मराठीत म्हणाली, "अहो, ऐकलं का? आम्ही निघालो. तुमचं मन भरलं नसेल तर राहा तुम्ही. पण आता घरी येऊ नका. घराला कुलूप असेल."

सगळं पार्क ऐकत होतं. मुलीला शब्द कळले नसावेत, पण तिने एक बटण दाबलं आणि दांडा मोकळा झाला. मावशी सगळ्यांत आधी बाहेर पडली. टॅक्सीत ती ऋचाचा हात धरून बसली होती. घरी पोचल्यावर तिने दोन वर्षांत पहिल्यांदा आतून कडी लावली. मी ऐकला तो आवाज.

आता मावशी आणि ऋचा पुण्यात आहेत, माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. मला अजूनही वाटतं की पट्टी कुणाला तरी सापडली होती. दिवसा तसं नक्की वाटतं. मावशीने त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नव्हता. परवा मी हेच सगळं लिहीत बसले होते, तेव्हा ती शेजारी भाजी निवडत होती.

"त्या पार्कात अजून तेवढीच गर्दी असते का गं?" तिने विचारलं.

मी ॲप उघडून पाहिलं आणि सांगितलं, की पुढचे सगळे स्लॉट भरलेत.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "म्हणजे एकटे नाहीत."