डावीकडचा ब्रेक

रोह्यात लोकांना गाडी शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा डावीकडे, माझ्या पायाशी. एवढ्या वर्षांत या गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही, आणि हे मी, कुणी विचारो न विचारो, सांगतेच. गाडी शिकवणाऱ्या बाईला फार नम्र राहून चालत नाही. मी नम्र राहिले असते तर गाडी कधीच कुंडलिका नदीत गेली असती.

रस्त्यावरच्या लोकांविषयी माझी मतं पक्की आहेत आणि ती मी काच खाली करून सांगते. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून, मान वाकडी करून मोटरसायकल चालवणारे असतात. हँडलला फोन अडकवून त्यात मॅच बघणारेही असतात. स्टेशनच्या रस्त्यावर समोरून ओळखीचा आला म्हणून दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून घरच्या चौकशा करणारे तर रोजचेच, आणि मागे रांग लागली की ते उलट आपल्याकडेच रागाने बघतात. उजवा इंडिकेटर लावून डावीकडे वळणारा एक दुकानदार आहे, त्याला मी गेली पाच वर्षं सांगते आहे. तो दर वेळी हात जोडतो आणि पुन्हा डावीकडे वळतो. बाजारपेठेतली पोरं मला बघितलं की फोन खिशात टाकतात, वर्गात बाई आल्यावर चिंचा लपवाव्यात तसे. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

शिकवण्याची माझी रीतही तितकीच पक्की होती. पहिल्या दिवशी बाई गाडीत बसायची, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायची, आणि मी म्हणायचे, घाबरू नको गो, मी हाय ना. मग ती घाबरायची नाही. गाय आडवी आली की मी ब्रेक दाबायचे. पोरगं चेंडूमागे धावलं की मी दाबायचे. माझा डोळा तयार आहे. शिकणारीला दिसायच्या आधी मला दिसतं, आणि धीर तर माझ्यात मुळातच कमी. तिने बघावं, दचकावं, मग पाय उचलावा, तोवर हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. अशाने बायका भराभर शिकायच्या. पंधराव्या दिवशी भर बाजारातून गाडी काढायच्या. मॅडमच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचे.

लायसन्सची परीक्षा पेणला. आमच्या जिल्ह्याचं ऑफिस तिथे, म्हणून ट्रायलच्या दिवशी मी बायकांना गाडीत घालून नागोठण्यावरून पेणला नेते. जाताना सगळ्या गप्प असतात. येताना पोह्याच्या पापडांची पुडकी मांडीवर असतात आणि तोंडं बंद होत नाहीत. माझ्याकडची बाई सहसा नापास होत नाही. तिथे मैदानात आठचा आकडा काढायचा असतो, चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता उचलायची असते. मैदानात गाय आडवी येत नाही, चेंडूही येत नाही.

चार वर्षांपूर्वी वरसे गावातली एक बाई माझ्याकडे आली. चाळिशीची, घरची भाताची आणि वालाची शेती, नवरा कंपनीत शिफ्टला. गावाभोवती इमारती उठल्या होत्या, नवीन राहायला आलेल्यांना मुलं शाळेत सोडायला गाडी हवी होती, आणि तिच्या मनात आलं की ही गाडी आपणच चालवायची. आपल्या घरात बैलगाडी तरी हाकलेली बाय कोण हाय का, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. तिने सरळ माझ्याकडे येऊन नाव घातलं. वीस दिवसांत शिकली. पेणला पहिल्या फटक्यात पास झाली. पुढे हात बसल्यावर बॅज, परमिट सगळं रीतसर काढून तिने पांढरी व्हॅन घेतली. आता सासऱ्यांना दवाखान्यात जायचं असलं तरी ते तिला आदल्या दिवशी विचारून ठेवतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला मी तिचंच उदाहरण द्यायचे.

गेल्या थंडीत माझी गाडी खांबला, हायवेवरच्या गॅरेजमध्ये होती. ती म्हणाली, मुलांना शाळेत सोडून तुम्हाला पुढे खांबला नेते. मी तिच्या शेजारी बसले. मागे आठ मुलं, त्यांची दप्तरं आणि अखंड कलकल. ती गियर नीट टाकत होती, आरशात बघत होती, वळणावर हॉर्न देत होती. मला अभिमान वाटत होता. कोलाडच्या रस्त्याला लागलो आणि समोर लावलेला तिचा फोन वाजला. कुणा मुलाच्या आईचा होता, व्हॅन कुठे पोचली ते विचारायला. असे फोन तिला रोजच यायचे. तिने मान वळवली आणि बोट पुढे केलं. तेवढ्यात पुढची सहा सीटर रिक्षा, कडेला हात केलेला माणूस दिसला म्हणून, बाजू न घेता रस्त्याच्या मधोमध थांबली.

मला ती थांबायच्या आधीच दिसली होती. माझा पाय खाली गेला. खाली नुसतं रबराचं मॅट होतं. मी ते जीव खाऊन दाबलं आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. मग एकदाचा तिचा ब्रेक लागला. रिक्षापासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. मागे मुलं एकमेकांवर आदळली आणि एक सात वर्षांची मुलगी तोंड धरून रडायला लागली. समोरच्या सीटचा दांडा तिच्या ओठाला लागला होता. बोटांमधून रक्त येत होतं.

मी काय करावं? मी दार उघडून उतरले आणि आधी रिक्षावाल्याला धरलं. मुलीकडे आधी बघायला हवं होतं, पण राग नेहमीसारखा पहिला आला. त्याच्या कानात वायर होती. ती काढायला लावून मी त्याला रस्ता म्हणजे काय, ब्रेक लाइट म्हणजे काय, सगळं ऐकवलं. तो इथेच रोज थांबतो म्हणाला, वायर परत कानात घातली आणि प्रवासी घेऊन गेला. मी तणतणत व्हॅनकडे आले. ती मागच्या सीटवर त्या मुलीला कुशीत घेऊन, ओठावर रुमाल धरून बसली होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली,

"मॅडम, तुम्ही ब्रेक का नाय मारलात?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. मग आपण कुठल्या गाडीत आहोत ते तिचं तिलाच उमगलं आणि ती मुलीबरोबर रडायला लागली.

बाकीच्या मुलांना शाळेत सोडून आम्ही मुलीला रोह्याला डॉक्टरांकडे नेलं. ओठाला एक टाका पडला. दात शाबूत होते. तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. संध्याकाळी घरी येऊन काय झालं ते नीट सांगतो, असं आम्ही त्यांना कबूल केलं. खांब राहूनच गेलं.

दुपारी ती माझ्या ऑफिसात येऊन बसली. काय सांगायचं ते तिने ठरवून आणलं होतं. सहा सीटर अचानक थांबली, म्हणून लागलं, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. फोनचं कळलं तर पालकांच्या ग्रुपवर एकीने लिहायचा अवकाश, उद्या व्हॅन रिकामी, असं ती म्हणाली. व्हॅन गेली की ती पुन्हा चुलीपाशी, आणि सासरे काही बोलणार नाहीत. त्यांचं ते न बोलणंच तिला नको होतं. तिने माझा हात धरला. रोह्यात माझ्या शब्दाला वजन आहे, मी सांगितलं की संपलं, असं तिचं म्हणणं. वजन आहे हे खरंच आहे. मी तयारही झाले होते. ती हकिकत तिच्याइतकीच माझ्याही सोयीची होती, कारण गावभर मी तिलाच मिरवत आले होते.

पण तिने गाडीत विचारलेलं काही केल्या मनातून जाईना. मी विचारलं, फोनकडे रोज बघतेस का? ती म्हणाली, रोज नाय. आज तुम्ही होतात. तुम्ही शेजारी बसलात की माझा पाय आपोआप सैल पडतो. मी विचारलं, आणि एकटी असतेस तेव्हा? तिने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. भिंतीवरच्या चिन्हांच्या तक्त्याकडे बघत ती म्हणाली,

"एकटी असले तरी वाटतं मॅडम, एवढ्यात काय व्हनार नाय. समोरचा बघेल. कोणतरी थांबवेल."

मला लाज वाटली. हे कोणतरी म्हणजे मी होते. वीस दिवस ती गाडी चालवत होती आणि गाडी थांबवत होते मी. गियर मी तिला शिकवले, आरसा शिकवला, आठचा आकडा घोटून घेतला. भीती वाटल्यावर आपला आपण पाय कसा दाबायचा, ते तिला कधी करूच दिलं नाही. तिच्याआधीच्यांनाही नाही आणि नंतरच्यांनाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोनमध्ये तोंड घालून समोरून येणाऱ्यांना मी इतकी वर्षं उद्धट म्हणत आले. काही असतीलही उद्धट. पण बरेचसे नुसते निर्धास्त असतात, दुसऱ्या कुणाचा तरी पाय ब्रेकवर आहे असं धरून चाललेले. आणि माणसाला निर्धास्त करण्यात तर माझा हातखंडा होता.

मी तिला म्हटलं, जसं झालं तसं सांगायचं. फोनसकट. तिचा चेहरा उतरला. व्हॅन जाईल मॅडम, ती म्हणाली. जाईलही, मी म्हटलं. मी तुझ्या बाजूला उभी राहीन, पण खोट्याला हातभार लावणार नाही. मग उठून तिने तोंड धुतलं आणि पदर नीट केला.

मुलीचं घर वरशातच, एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दार तिच्या आईने उघडलं. तिशीची, नुकतीच कामावरून आलेली, चपलाही अजून पायात. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण रोह्यात मला निम्मे चेहरे तसे वाटतात. मुलगी सोफ्यावर बसून सुजलेल्या ओठाने चमच्याचमच्याने आइस्क्रीम खात होती.

वरशाच्या बाईने सगळं स्वतः सांगितलं. फोन वाजला, मी बघितलं, ब्रेक उशिरा लागला. रिक्षाचं नावसुद्धा तिने काढलं नाही. आवाज कापला नाही तिचा, आणि मला पेणच्या ट्रायलच्या दिवशी वाटला होता त्याहून जास्त अभिमान तेव्हा वाटला. मग मी माझं सांगितलं. फोनची चूक तिची आहे, ती निस्तरेल, उद्यापासून गाडी चालू असताना फोन बंद आणि पिशवीत. पण ब्रेकची चूक माझी. माझ्याकडे जी जी शिकली तिच्या वाटचा ब्रेक मी मारत आले, तो तिचा तिला मारायला शिकवलाच नाही. हे मी जसं सगळं ठासून सांगते तसंच ठासून सांगितलं. आता ही आई ओरडेल असं मी धरून चालले होते.

ती ओरडली नाही. तिने मुलीला जवळ ओढलं आणि म्हणाली की आठ-दहा दिवस मुलीला ती स्वतःच शाळेत सोडेल. मॅडमनी पुन्हा शिकवून, आता ठीक आहे असं सांगितलं, की मग व्हॅनचं बघू. ग्रुपवर काय लिहायचं ते व्हॅनच्या बाईंनीच लिहावं, आपण काही लिहिणार नाही. वरशाच्या बाईने मान हलवली. व्हॅन अजून गेली नव्हती, राहील याचीही खात्री नव्हती. आम्ही निघायला उठलो. दाराशी आल्यावर त्या आईने मला थांबवलं आणि मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"मॅडम, मग माझं काय? मी पण तुमच्याकडेच शिकले. दर रविवारी हिला शेजारी बसवून मी हायवेने पेणला माहेरी जाते."

चेहरा आत्ता ओळखीचा झाला. सहा वर्षांपूर्वीची असावी, हुशार, भराभर शिकलेली. मी तिला सांगितलं, या रविवारी जाऊ नको. उद्या सकाळी सहाला तुझी गाडी घेऊन ये, हीसुद्धा तिची व्हॅन घेऊन येईल, आणि मी मागच्या सीटवर बसेन. ती बरं म्हणाली. मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले असेन, तेवढ्यात तिने वरून विचारलं, तिच्याबरोबर शिकलेल्या बाकीच्या बायकांनाही फोन करू का. मी म्हटलं, कर, आणि आत्ताच कर.