भागीबाईच्या माळावरची पोकळी

भागीबाईच्या नवऱ्याचं नाव वाळू; तो विहिरी खोदायचा. सिन्नरकडच्या काळ्या खडकात सुरुंग उडवला की कधीमधी आत पोकळी निघते, आणि तिच्या भिंतींना पांढरे, हिरवट स्फटिक लगडलेले असतात. त्यांना तिकडं गारा म्हणतात, आणि व्यापारी त्या पैसे मोजून नेतात. लोकांच्या विहिरी खोदताना वाळूला त्या सापडल्या होत्या. मग त्यानं स्वतःच्या माळावर विहीर काढली. पाणी काही लागलं नाही, पण तळाशी पहार आपटली की एका बाजूनं घुमल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजानं त्याला झपाटलं. "आत काहीतरी हाय, भागे," म्हणत त्यानं त्या बाजूला आडवा बोगदा खणायला घेतला. एका दुपारी बोगद्याचं छत त्याच्या अंगावर बसलं. लोकांनी बाहेर काढला तेव्हा धुगधुगी उरली नव्हती.

त्यांचा पोरगा शेखर तेव्हा पाळण्यात होता. विहीर बुजवून टाकली, पण गावाचं तोंड कोण बुजवणार? नसलेल्या गारांपायी जीव दिला, असंच सगळे म्हणायचे. कुणी कशाच्या नादी लागलं की "याचा वाळू झालाय" अशी म्हणच पडली. भागीबाई ऐकून घ्यायची आणि खाली मान घालून खुरपत राहायची. पोराजवळ तिनं बापाचा विषय कधी काढला नाही. काय सांगणार? नवरा शहाणा होता की खुळा, हे तिचं तिलाच उमगलं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात शेखर नाशिकहून उज्वला नावाच्या इंजिनिअर बाईंना घेऊन आला. रस्त्याखालचे पाइप आणि केबली रडारनं शोधायचं त्यांचं काम. आता शेखरच्या सांगण्यावरून एका गारांच्या व्यापाऱ्यानं त्यांना हा माळ तपासायला बोलावलं होतं.

"आई, यांचं मशीन न खणता जमिनीच्या आतलं दाखवतं."

"त्या जागेवर मशीन लावायचं नाय," भागीबाई म्हणाली. "तिनं एक माणूस खाल्लाय माझा."

शेखर खाली बघत म्हणाला, "मला गारा नकोत गं. लोकं म्हणतात ते खरं का खोटं, तेवढं कळू दे."

भागीबाई पदर खोचून उठली. "चला. बोगदा कुठल्या अंगाला होता, ते मी दाखवते."

उज्वलाताईंनी चुन्याच्या रेघा आखल्या आणि चाकांचं यंत्र त्यांवरून सावकाश ओढलं. पडद्यावर करड्या पट्ट्या सरकत होत्या. बुजलेल्या विहिरीच्या पुढं एका ठिकाणी त्या पट्ट्या कमानीसारख्या वाकल्या. ताई तिथं थबकल्या, मागं जाऊन पुन्हा आल्या.

"मावशी, इथं पोकळी आहे. पण आत गारा आहेत का चिखल, हे यंत्र सांगत नाही."

"बोगद्यापासून किती लांब?"

"जवळच. हात-दोन हात."

भागीबाईनं खाली बसून ते अंतर आपल्या हातानं मोजलं.

व्यापाऱ्यानं परवानगी काढली. या वेळी बोगदा नव्हता. खोदायचं यंत्र लावून वरूनच रुंद, उतरता खड्डा घेतला. खडक फुटला आणि कमरेएवढी पोकळी उघडी पडली. आत गारा होत्या, चारी बाजूंनी लगडलेल्या. पण वर्षानुवर्षं पावसाचं पाणी झिरपून त्या पिवळट, ठिसूळ झाल्या होत्या. हात लावला की भुगा व्हायचा. व्यापाऱ्यानं दोन तुकडे उन्हात धरून पाहिले, मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला.

भागीबाई शेखरचा हात धरून खाली उतरली. तिनं भिंतीवरून बोटं फिरवली. "होत्या," ती म्हणाली. "खरंच होत्या."

मग एकाएकी तिचा आवाज चढला. "एवढ्यासाठी? ह्या भुग्यासाठी गेलात का हो? तान्हं लेकरू घरात टाकून?"

शेखर जागच्या जागी उभा राहिला. आईला बापाशी बोलताना तो पहिल्यांदाच ऐकत होता. पोटातलं सगळं बाहेर येईपर्यंत ती रडली, भांडली, आणि शेवटी दगडाला पाठ टेकून बसली.

"कसे होते गं ते?" त्यानं विचारलं.

"लय हसायचे," भागीबाई म्हणाली. "सुरुंगाची वात पेटवून पळताना सुद्धा हसायचे. मी रागवायचे. आन् तुला खांद्यावर घेऊन ह्याच माळावर हिंडायचे..."

वर खड्ड्याच्या काठावर गावची माणसं जमत होती. एकेक जण वाकून पोकळीत बघत होता. भागीबाईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती सांगत राहिली.