काकूंची कालवड
स्पिरिटचा वास आला की मला रिठद गावातली ती दुपार आठवते. गायी गाभडू नयेत, त्यांचा गर्भ पडू नये म्हणून मी घरोघर कालवडींना लस टोचत होते. भाजीचा मळा करणाऱ्या एका काकूंनी वासरू पुढं केलं. "टोचा म्याडम हिले." मी शेपटी उचलून पाहिली. "काकू, हा तं गोऱ्हा हाय! लस कालवडीलेच असते." "कालवड मेली," त्या म्हणाल्या. तेवढ्यात न्हाणीतून हंबरणं ऐकू आलं, पाठोपाठ बादली पडल्याचा आवाज. काकूंनी मान खाली घातली. "मांगं गाय गाभडली माही. आता सुईनं हे कालवड वांझ राह्यली तं?" "ज्या रोगानं गाय गाभडते, तो होऊ नये म्हणूनच सुई हाय हे," मी म्हटलं. मग त्यांनीच कालवड आणली, तिच्या डोळ्यांवर पदर धरला. सुई टोचली तेव्हा कालवड गप्प उभी राहिली, ओरडल्या त्या काकू. काही वर्षं गेली आणि परवा त्यांचा फोन आला, "म्याडम, तुमी टोचलेली कालवड जनली, तिले बी कालवडच झाली. कवा येता टोचाले?"