चांदी पुढच्या बाजूला

यूसुफभाई गेल्याचं मला धामणगाव रेल्वेला, म्हणजे मी हल्ली राहतो त्या गावी कळलं, तेही त्यांच्या मेहुण्याच्या पोस्टकार्डावरून. अकोल्याला पोचलो तोवर माती होऊन दोन दिवस झाले होते. पुढच्या रविवारी अमरावतीच्या कॉलेजात शोकसभा झाली. व्यासपीठावर माजी प्राचार्य होते, एके काळचे माझेच गुरू. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते म्हणाले, "मी दुर्बीण बनवली तेव्हा यूसुफ नावाचा एक हरहुन्नरी मदतनीस मला लाभला होता." मदतनीस... मयताच्या सभेत तमाशा नको म्हणून मी दात आवळून बसलो. आज तीन आठवडे झाले, राग काही उतरत नाही. म्हणून सरळच सांगतो, हा लेख मी उट्टं काढायला लिहितो आहे.

यूसुफभाईंचं अकोल्यात चष्म्याचं दुकान होतं. नंबराच्या काचा ते स्वतः घासत. मी तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. चष्मा करायला गेलो आणि बोलता बोलता दुर्बिणींवर घसरलो. नळीत दोन भिंगं बसवून इटलीतल्या एका माणसाने गुरूचे चंद्र पाहिले, इथपासून सुरुवात केली. भिंगाच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते, म्हणून पुढे इंग्लंडातल्या एकाने भिंग काढून खोलगट आरसा बसवला, आणि आता अमेरिकेत एका डोंगरावर दोनशे इंचांचा आरसा आहे, हेही सांगितलं. इंग्लंडात तर प्रचंड लोखंडी ताटली फिरवून आभाळातल्या रेडिओलहरी पकडतात, म्हटलं. यूसुफभाई हातातली काच पुसत म्हणाले, "पाहाचं सोडून आयकून राह्यले? मंग आमचा धंदा बसला म्हना." मग विचारलं, "मास्तर, खोलगट आरसा म्हंजे काचच ना? मंग थे मले काहून जमनार नाई?"

सहा इंची आरसा घासायला त्यांना सात महिने लागले. दुकानाच्या मागे एक पिंप, त्यावर एक जाड काच पक्की बसवलेली, तिच्यावर दुसरी काच, मधे पाणी आणि घासायची पूड. दुपारची नमाज झाली की यूसुफभाई पिंपाभोवती चालत चालत वरची काच पुढेमागे सारायचे. तशी वरची काच खोलगट होत जाते. मग आणखी बारीक पूड, मग त्याहून बारीक. दर वेळी पूड बदलताना पिंप, फरशी, हात, नखं, सगळं धुवायचं, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. मी एकदा तसाच हात घालायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली होती. शेवटी काचेच्या पुढच्या बाजूवर चांदीचा पातळ थर चढवला. पुढच्या बाजूवर, हे लक्षात ठेवा. नळी उभी करून पहिल्यांदा कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या धुराड्याकडे रोखली, तर धुराडं उलटं, पण वीट न् वीट दिसत होती. यूसुफभाई म्हणाले, "आपले सहा इंच बी त्याच खानदानातले, मास्तर."

तो आरसा अमरावतीला गेला तो माझ्यामुळे. कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण बसवू, खाली यूसुफभाईंच्या नावाची पितळी पाटी लावू, असा प्राचार्यांनी मला शब्द दिला आणि मी तो यूसुफभाईंच्या गळी उतरवला. उद्घाटनाला गेलो तर पाटीवर प्राचार्यांचं नाव. भाषणात ते म्हणाले, "हा आरसा मी माझ्या या दोन हातांनी घासला." यूसुफभाई मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. परतीच्या एसटीत मी भडकलो, "तुमी बोलले काहून नाई?" ते म्हणाले, "बोलून काय होते? आरसा साफ हाय ना? त्यातनं लोकाइले चंद्र दिसते ना? बस झालं."

त्यांचं बस झालं असेल, माझं नव्हतं. दोन पावसाळ्यांनंतर आरशावरची चांदी काळवंडली. अशी ती काळवंडतेच, नवा थर द्यावा लागतो. प्राचार्यांनी शिपायाबरोबर मला चिठ्ठी पाठवली, आरसा कशाने स्वच्छ करावा? यूसुफभाई तेव्हा सासुरवाडीला हिवरखेडला गेले होते. मी उलट लिहिलं, "आरसा आपण स्वतः घासला आहे. मी पामर काय सांगणार?" मग त्या गृहस्थांनी घरची चांदीची भांडी घासतात तसा तो आरसा रांगोळीने घासून घेतला. पुढे कलेक्टरसाहेब संध्याकाळी चंद्र पाहायला आले, तर दुर्बिणीत नुसतं धुरकट. प्राचार्य म्हणाले, "पुढचा फक्त मळ काढलाय साहेब, मागची चांदी शाबूत आहे." मी मुद्दाम अमरावतीला गेलो होतो, गर्दीतून मोठ्याने म्हणालो, "मागून चांदी न्हाव्याच्या आरशाला असते सर. दुर्बिणीच्या आरशाला पुढून." लोक खो खो हसले. कलेक्टरही हसले. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नाही.

तसाच धावत अकोल्याला गेलो आणि यूसुफभाईंना सगळं रंगवून सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "काच कशी हाय?" ओरखडे पडलेत, म्हणालो. "थो रांगोळीनं घासनार, हे तुमाले मालूम होतं?" रांगोळीचं नव्हतं. पण काहीतरी वेडंवाकडं करणार हे माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो होतो. तसं कबूल केलं. यूसुफभाई पिंपाकडे बोट करून म्हणाले, "मंग तुमी त्याची दुश्मनी माह्या काचेवर काढली, मास्तर." त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. प्राचार्यांनी आरसा भंगार म्हणून त्यांच्याकडे पाठवून दिला. पुढे आमचं बोलणं सुरू झालं, पण आरशाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

शोकसभेनंतर भाभींनी मला घरी बोलावलं आणि मलमलीत गुंडाळलेलं एक बोचकं हातात दिलं. "तुमालेच द्या म्हने." तोच आरसा. ओरखडा एकही नाही. भाभी म्हणाल्या, शेवटची दोन वर्षं, छातीत दुखत असताना, हा माणूस पुन्हा पिंपाभोवती चालत होता आणि मला पत्ता नव्हता. घासून झालेलं आहे, चांदी तेवढी राहिली. चांदी चढवायला त्यांनी मला शिकवलं होतं. आरसा माझ्या टेबलावर आहे, पण अजून हात लावायचा धीर होत नाही. सात महिन्यांचं काम मी एका चिठ्ठीत घालवलं होतं.

आरसा माझ्याकडे आल्याचं कुठून तरी कळलं असावं, काल प्राचार्यांचं पत्र आलं. "माझा ऐतिहासिक आरसा" कॉलेजच्या संग्रहासाठी परत हवा आहे म्हणे. या वेळी मी गप्प राहणार नाही, चिठ्ठीही पाठवणार नाही. सर, धामणगावला या. दुपारी या, यूसुफभाईंच्या कामाच्या वेळेला. हात धुऊन, नखं धुऊन या. पिंप मी अकोल्याहून आणून ठेवलं आहे, दोन कोऱ्या काचाही आणल्या आहेत. सात महिने त्याभोवती चाला, आणि मग आरसा घेऊन जा.