आत्याबाईच्या अकरा पाट्या

आमच्या गावचे पोलीस पाटील वारून पुष्कळ वर्षं झाली. माझा राग मात्र अजून धडधाकट आहे. तो कशाचा, ते सांगते.

निजामाचं राज्य होतं. अंबड तालुक्यात आमचं गाव. परवानगीशिवाय माणसं जमवून सभा घ्यायची नाही, असा हुकूम होता. घरचं कार्य, सणवार यांना तेवढी सूट. माझी आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. घरच्या पोथ्या बघून बघून ती वाचायला शिकली, आणि तिला गावातल्या बायकांना शिकवायचं होतं. शाळेला परवानगी कोण देतंय! मग आईनं युक्ती काढली. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला बायका येतातच. ओसरीवर तीळगूळ द्यायचा, कुंकू लावायचं, आणि मग पाट्या काढायच्या. अकरा पाट्या होत्या.

पाटलांची सूनही यायची. तिच्या माहेरची पत्रं तोवर सासरेच वाचून दाखवायचे. दुसऱ्या वर्षी तिनं पेटीतली जुनी पत्रं स्वतः काढून वाचली. आई आजारी आहे, एकदा येऊन जा, असं तिच्या भावानं तीनदा लिहिलं होतं. पाटलांनी तीनदा वाचलं होतं, ‘सगळे खुशाल.’ तिची आई तर केव्हाच गेली होती.

सून घरात बोलली असेल काहीतरी. आठवड्याच्या आत पाटील अमिनाला, म्हणजे पोलीस फौजदाराला, घेऊन आमच्या ओसरीवर.

“ये क्या जलसा है?” अमीन म्हणाला.

“हळदीकुंकू हाये,” माझी आई म्हणाली.

पाटील हसले. आत्याबाईकडे बोट करून म्हणाले, “हळदीकुंकू? मंग ही बोडकी मधोमध कशी बसली?”

त्या एका वाक्यावर खटला उभा राहिला. विधवा बसली म्हणजे हळदीकुंकू नव्हे, हळदीकुंकू नव्हे म्हणजे सभा. पाट्या जप्त होऊन पाटलांच्याच ताब्यात गेल्या. आत्याबाई आठ दिवस अंबडच्या कोठडीत होती. खालच्या कोर्टातल्या मुन्सफानंही पाटलांचं म्हणणं उचलून धरलं.

कोठडी एक वेळ तिनं सोसली. पण परत आल्यावर गावानं तिच्या हातचं पाणी सोडलं. कोठडीत कुणाच्या हातचं खाल्लं, कुणास ठाऊक, म्हणे. ज्यांना तिनं हात धरून अक्षर गिरवायला शिकवलं, त्याच बायका आमच्याकडे आल्या की म्हणायच्या, “तहान न्हाई बाई.” आत्याबाई भरलेला तांब्या तसाच आत घेऊन जायची. मी तेरा वर्षांची होते. तांब्या आत जाताना दिसला की मला पाटलांच्या पगडीला काडी लावावीशी वाटायची.

जालन्याच्या एका वकिलांनी हैदराबादच्या मोठ्या अदालतीत अपील केलं. निकाल उर्दूत येणार. मी ठरवलं, तो पाटलांच्या किंवा कारकुनाच्या तोंडून ऐकायचा नाही. गल्लीच्या टोकाला पिंजाऱ्याची बायको राहायची, तिला मी खाला म्हणायची. तिच्याकडून अलिफ, बे शिकले. ती कापूस निवडता निवडता म्हणायची, “बेटी, इतनी जल्दी कायकू?” मी म्हणायची, “एका माणसाला वाचून दाखवायचंय, खाला.”

दोन वर्षं गेली. माझं लग्न ठरलं होतं, तेवढ्यात वकिलांनी निकालाची नक्कल पाठवली. अक्षर असं वळणाचं, की रात्रंदिवस घोकलेलं सगळं डोळ्यांपुढून पळालं. खालाच्या मदतीनं चार दिवसांत लावलं. घरच्या समारंभात कोणाला बोलवावं, कोणी कुठं बसावं, हे घरच्यांनी ठरवावं. ती पोलिसांची बाब नाही. बाई निर्दोष. जप्त माल वापस करावा.

बस, एवढंच. मोठ्या अदालतीनं आत्याबाईचा बसायचा हक्क बराबर दिला होता. पाण्याबद्दल निकालात चकार शब्द नव्हता. तो कसा असणार? अदालतीला ते कुणी विचारलंच नव्हतं.

मी कागद घेऊन चावडीवर गेले. पाटलांना मोडी येत होती, उर्दू नाही. माणसं जमली. मी आधी उर्दूत वाचलं, मग मराठीत सांगितलं. शेवटी श्वास घेतला आणि म्हणाले, “ज्यानं माल उचलला, त्यानं तो आपल्या डोक्यावर वाहून मालकिणीच्या हातात द्यावा. आणि तिच्या हातचं पाणी पिऊन पोच द्यावी. सर्वांसमक्ष.”

“अदालत असलं लिहिती व्हय?” पाटील म्हणाले.

“मोठी अदालत हाये, पाटील. तिला वाटंल ते लिहील.”

“राजूरच्या गणपतीची आण घे, पोरी.”

“आण कशाला? हा कागद घ्या, वाचा तुम्हीच.”

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आमच्या दारात आले. डोक्यावर गाठोडं, मागं अर्धा गाव. पाट्या ओसरीवर ठेवल्या. दोन फुटल्या होत्या. आत्याबाईनं तांब्या पुढं केला. त्यांनी ओंजळ केली. ते पाणी त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत मी पापणी मिटली नाही. मग त्यांची सून पुढं आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, “मलाही द्या, आत्याबाई. लई दिवसांची तहान हाये.” मग बाकीच्या आल्या.

महिन्याभरानं पाटील तहसिलीत गेले होते, तिथं त्यांनी कुणाकडून तरी चौकशी केली. तणतणत आमच्या ओसरीवर आले. “त्या निकालात तसं न्हाईच! खोटं वाचलंस तू!”

“सगळे खुशाल, पाटील,” मी म्हणाले.

त्यांच्या मागून येणाऱ्या सुनेनं पदर तोंडाला लावला.

आत्याबाई आतून आली. तिनं मला काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढं कधीही नाही. तिच्या हातात तांब्या होता.

“उन्हातून आलात,” ती म्हणाली. “पाणी घेता ना?”