ल्यूलीबाईंच्या भिंतीवरची रायफल

ताइस्तोने आयुष्यभर फिनलंडमधल्या कुहमोच्या जंगलातून लाकडाचे ट्रक हाकले आणि हौस एकच केली, जुन्या लष्करी रायफली जमवायची. रशियाशी झालेल्या हिवाळी युद्धातल्या सगळ्या जातींच्या रायफली त्याच्या लोखंडी कपाटात होत्या. फक्त एक जात वर्षानुवर्षं हुलकावणी देत होती. ती ल्यूलीबाईंच्या घरात, भिंतीवर टांगलेली निघाली. विकत घ्यायची बोलणी शरदातच झाली होती. पोलिसांचा परवाना हाती आला तेव्हा मात्र ताइस्तोच्या बायकोला, साइमीला, वारून महिना झाला होता.

तरी तो गेला. जायचं ठरलं होतं म्हणून.

"घेऊन जा बाबा एकदाची," म्हाताऱ्या ल्यूलीबाई म्हणाल्या. "वडील लढाईवरून हिला घेऊन आले आणि पुन्हा कधी धड बोलले नाहीत. आम्ही पोरं तिच्याखालून पळत जायचो." मग कॉफी ओतता ओतता हसल्या, "आणखी एक बंदूक बघून बायको ओरडणार नाही ना?"

"नाही," ताइस्तो म्हणाला.

घरी येऊन त्याने रायफलीचं लोखंड उजळलं. हात आपोआप चालत होते. ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो येऊन गेला आणि आत काहीच हललं नाही. कपाट बंद करून त्याने बटाटे उकडले.

आठवड्याने ल्यूलीबाईंचा फोन आला. "भिंत ओकीबोकी दिसते रे. मेली डोळ्यांसमोरून जात नाही. एकदा बघून जाऊ का?"

त्या आल्या, येताना आत मासे भरून भाजलेली रोटी घेऊन. ताइस्तोने रायफल टेबलावर ठेवली. नळी चकचकीत होती, पण दस्त्याचं लाकूड तसंच कोरडं, पांढुरकं पडलेलं.

"अर्धंच काम केलंस की! आळशी कुठला."

"लाकडाला तेल साइमी लावायची. मी लोखंड, ती लाकूड." त्याने नळीवरून बोट फिरवलं. "फेब्रुवारीत गेली ती."

जवसाच्या तेलाची बाटली खिडकीतच होती. ल्यूलीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही.

"तेव्हा, त्या दिवशी, बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, ओरडेल का म्हणून. ओरडणार नव्हतीच ती."

"मग लाकूड राहू दे असंच," त्या म्हणाल्या. "उगाच घाई करू नकोस."

ताइस्तोने मान हलवली, रायफल होती तशीच कपाटात ठेवली आणि रोटी कापायला सुरी शोधू लागला.